जुनें काढण्याची रीत

घरांत नवी वस्तु आणावयास पैसा पुरतो. जुनी काढावयास विवेक लागतो. दिवाळीच्या आधीं माळ्यावरील पसारा खालीं उतरविला म्हणजे प्रत्येक घरांत दोन पक्ष पडतात. एकास सर्वच अडगळ दिसते. दुसऱ्यास प्रत्येक फुटक्या तपेल्यांत कोणा ना कोणा वडीलधाऱ्याची आठवण दिसते. या दोघांच्या वादांत खरा प्रश्न बहुधा बाजूसच राहतो. तो असा कीं, ही वस्तु गेली असतां तिच्या आधारावर उभें असलेलें दुसरें कांहीं कोसळणार आहे काय, आणि कोसळणार असल्यास तें सांवरण्याची काय तजवीज केली आहे? घराच्या पसाऱ्यापुरता हा प्रश्न लहान आहे. परंतु भाषा, शाळा व सरकारी कचेरी यांच्या पसाऱ्यांतून जेव्हां जुनें काढावयाचें असतें, तेव्हां त्याचें उत्तर दोन-तीन पिढ्यांस भोगावें लागतें.

हा विषय आमच्या मनांत आणून दिला तो आमच्या पुतण्यानें. तो पुण्यास संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचें काम करितो, आणि सुटींत पारनेरास आला म्हणजे आपल्या धंद्यांतील नवलाई आम्हांस समजेल अशा बेतानें सांगतो. पायथन नांवाची जी संगणकभाषा आज शाळेंतल्या मुलांपासून शास्त्रज्ञांपर्यंत पुष्कळजण वापरितात, ती गीडो व्हान रोस्सम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेविली. या भाषेबरोबर तयार अवजारांचा एक मोठा संच मिळतो. तारखा मोजणें, फाइली उघडणें, पत्र पाठविणें, गणित करणें, अशा नाना कामांचीं साधनें त्यांत आधींच घालून ठेविलेलीं असतात. घेणाऱ्यास पदरचें कांहीं जोडावें लागत नाहीं. खेळण्याबरोबर बॅटरीही डब्यांतच मिळावी तसें हें आहे, असें त्या मंडळींत मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें.

परंतु कालांतरानें त्या डब्यांतील कांहीं बॅटऱ्या निर्जीव झाल्या. २०१९ सालीं ख्रिस्तियन हाइमेस यांनीं, व पुढें त्यांच्या जोडीस ब्रेट कॅनन यांनीं, अशा निर्जीव घटकांची यादी करून ते संचांतून काढावे असा प्रस्ताव मांडिला. यादींतील एका घटकाचें काम सन या कंपनीच्या यंत्रांवरील ध्वनि वाचण्याचें. ती कंपनीच २०१० सालीं ओरॅकलच्या पोटांत गेली. दुसऱ्याचें काम टेलनेट नांवाच्या जुन्या पद्धतीनें दूरच्या यंत्राशीं बोलण्याचें. त्या पद्धतींत परवलीचा शब्दसुद्धां उघड्यावरून जातो. निरुपयोगी वस्तु कोपऱ्यांत पडून राहिली तर बिघडलें काय, असें आम्हीं विचारिलें. तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, पडून राहिलेली वस्तुही सांभाळावी लागते. तिच्यांत चोरवाट निघाली तर ती कोणीतरी बुजवावी लागते. आणि ती वस्तु जाणणारा माणूसच तोंवर उरलेला नसतो.” हें उत्तर आम्हांस पटलें.

त्याहूनही पटली ती काढण्याची रीत. २०२२ च्या मार्चांत तो प्रस्ताव मान्य झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत निघालेल्या आवृत्तीपासून हे घटक वापरणाऱ्यास इशारा मिळूं लागला, आणि ७ ऑक्टोबर २०२४ रोजीं प्रसिद्ध झालेल्या ३.१३ या आवृत्तींतून ते १९ घटक निघून गेले. ज्यांस ते हवे असतील त्यांस जुन्या आवृत्त्या आजही मिळतात. ध्वनीचा ‘वेव्ह’ नांवाचा एक घटक मात्र ठेवावा असें ठरलें. तो ध्वनिप्रकार अद्याप चालू आहे हें एक कारण. आणि मुलांस संगणकाकडून आवाज काढवून दाखवावयास तो उपयोगी पडतो, हें दुसरें. इतक्या रुक्ष कारभारांत लहान मुलांची ही आठवण कोणास झाली, याचें आम्हांस कौतुक वाटलें.

या हकीकतींतील एक पोटगोष्ट मात्र आमच्या मनांत अधिक खोल गेली. २००८ सालीं या भाषेनें मोठी कात टाकिली, आणि जुन्या रीतीनें लिहिलेल्या आज्ञावली नव्या रीतींत चालेनाशा झाल्या. तेव्हां जुनें लिखाण वाचून तें नव्यांत उतरवून देणारा एक दुभाष्याच त्या संचांत बसविण्यांत आला. जुन्या भाषेची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीं थांबली. दुभाष्या त्यानंतरही आपल्या जागीं होता. तो निघाला २०२४ च्या त्याच आवृत्तींत. म्हणजे जुनी वस्तु आधीं गेली आणि तिचा दुभाष्या तिच्या मागाहून गेला. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे, आणि आमच्या मतें जुनें काढण्याचें सर्व शास्त्र त्यांत सांठविलेलें आहे.

आतां हें सर्व परकें व यांत्रिक आहे, आपल्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु मराठी घरांतील प्रत्येक मुलासही असाच एक तयार संच पूर्वी मिळत असे. पाटी, लेखणी आणि अंकलिपी एवढ्या सामग्रीवर आमच्या आधींच्या पिढ्या संसाराचे सर्व हिशेब करीत. अंकलिपींत मुळाक्षरें व बाराखडी यांच्या मागोमाग पाढे असत. आणि साधे पाढे संपले म्हणजे पावकी, निमकी, पाउणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी व औटकी अशी अपूर्णांकांची पलटण उभी राही. औट म्हणजे साडेतीन, हें आजच्या मुलांस सांगावें लागतें. औटाची दुप्पट सात, तिप्पट साडेदहा, चौपट चौदा, अशी ती औटकी संध्याकाळीं दिवा लावल्यावर घरोघर मोठ्यानें म्हटली जाई.

हा छळ मुलांस निष्कारण होत नसे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै; मणाचे चाळीस शेर, शेराचें अर्धें तें मापटें व पाव तें चिपटें; असा सगळा व्यवहारच अर्ध्यापावानें चालत असे. साडेतीन आणे शेराचा गूळ सात शेर घेतला, तर साडेचोवीस आणे, म्हणजे दीड रुपया आणि वर अर्धा आणा, हें गिऱ्हाइकास कागदावांचून सांगतां आलें पाहिजे. न आलें तर दुकानदार सांगेल तें खरें. औटकी ही त्या काळीं गरिबाची ढाल होती.

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं चालू झालीं आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनामापांचा कायदा १९५६ चा. त्याप्रमाणें १९५८ पासून किलो व ग्रॅम हळूहळू बाजारांत आले. आम्ही नेमके या सांध्यावर शाळेंत होतों. सकाळीं गुरुजी दशमानाचें कोष्टक शिकवीत आणि संध्याकाळीं घरीं वडील औटकी म्हणवून घेत. त्या वेळची एक गंमत अद्याप आठवते. एका आण्याचे नवे पैसे सव्वासहा, आणि तीन आण्यांचे पावणेएकोणीस. म्हणजे दशमानाच्या नव्या वाड्यांत शिरावयाचा दरवाजाच मुळीं सव्वा-पाऊणच्या चौकटीचा होता! ज्यास जुनें येत होतें त्यासच नव्यांत चटकन् शिरतां येई. जुनीं व नवीं नाणीं कांहीं वर्षें एकाच गल्ल्यांत नांदलीं. रूपांतराचीं कोष्टकें दुकानांतून टांगलेलीं असत. आणि १ जून १९६४ रोजीं ‘नवा पैसा’ यांतील ‘नवा’ हा शब्दही गळून पडला. त्यानंतर शाळेंतून औटकी कधीं गेली हें कोणास कळलेंही नाहीं, आणि तिच्या जाण्यानें कांहीं कोसळलें असेंही आम्हांस दिसलें नाहीं.

तिचे अवशेष मात्र जिभेवर राहिले. पंचवीस पैशांचें नाणें ३० जून २०११ पासून चलनांतून गेलें, तरी ‘त्याच्या बोलण्यांत बारा आणे तथ्य आहे’ असें आम्ही म्हणतोंच, आणि औट घटकेचें राज्य करणारे पुढारीही दुर्मिळ झालेले नाहींत. आमचा पारनेर तालुका अवर्षणाचा. येथें पिकाचा अंदाज सरकारी कागदावर ‘पैसेवारी’ या नांवानें निघतो, आणि ती पन्नास पैशांच्या आंत आली म्हणजे टंचाईची गोष्ट निघते. पण पारावर बसलेला म्हातारा शेतकरी ‘यंदा आणेवारी काय लागली?’ असेंच विचारितो, आणि तलाठ्यास तें समजतें. सातबाऱ्यावर हेक्टर व आर लिहिलेले असतात, आणि बांधावर एकर व गुंठे बोलले जातात. दोन्ही बाजूंस दुसऱ्याची भाषा समजते तोंवर यांत कांहीं बिघडत नाहीं. औटकीला चांगली रजा मिळाली असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें.

मोडीची गोष्ट याहून निराळी आहे. परंपरा तिचें जनकत्व यादवांच्या हेमाद्रीकडे देते. तें कसेंही असो, शिवकालापासून पेशवाईपर्यंतचा व पुढें इंग्रजी अमदानींतीलही मराठी दफ्तरी व्यवहार बहुतांशीं या लिपींत झाला. आधीं पानावर आडवी रेघ ओढून घ्यावयाची, आणि मग बोरू शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें गुंफीत जावयाचें, अशी तिची धाटणी. लिहिणाऱ्याचा वेळ वांचावा हा तिचा हेतु. वाचणाऱ्याचा वेळ किती जाईल याची फिकीर तिला नव्हती. इकार-उकारांत ह्रस्वदीर्घाचा भेद ती पाळीत नाहीं, शब्दाशब्दांत अंतर ठेवीत नाहीं, आणि प्रत्येक कारकुनाचें वळण निराळें. छापखाने आले तेव्हां सुटीं सुटीं अक्षरें असलेली बालबोध सोयीची ठरली. छापील पुस्तक बालबोधींत व हातचा कागद मोडींत अशी वांटणी झाली. आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेंतून गेली. एकाच भाषेसाठीं कोंवळ्या मुलास दोन लिप्या घोटावयास लावणें हें ओझेंच होतें. तें उतरविलें यांत आम्हांस गैर वाटत नाहीं. ज्यांनीं तें उतरविलें त्यांच्या जागीं आम्ही असतों तर आम्हीही तेंच केलें असतें.

परंतु मोडीबरोबर तिचा दुभाष्याही गेला. आमचे वडील जमाखर्च मोडींत लिहीत आणि आम्हांस पत्रें बालबोधींत पाठवीत; दोन्ही अक्षरें एकाच हाताचीं आहेत असें पाहणाऱ्यास वाटत नसे. त्यांच्याकडे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसें कागद घेऊन येत. कोणाचें खरेदीखत, कोणाचें वाटणीपत्र, कोणाच्या विहिरीच्या पाळ्या. वडील शेतावर गेलेले असले तर तीं ओट्यावर वाट पाहत बसत. वडील वाचून दाखवीत, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपला आजा आपल्याशीं बोलतो आहे असा भाव उमटे. वडील गेल्यावरही कांहीं वर्षें माणसें येत राहिलीं. ‘दुसरें कोणी आहे का?’ असें विचारून तीं कागद पुन्हा फडक्यांत बांधीत आणि उठून जात.

पुढें तोच प्रसंग आमच्या भाऊबंदकींत आला. विहिरीवर विजेचा पंप बसला, आणि पाण्याच्या पाळीवरून दोन शाखांत बोलाचाली झाली. पणज्याच्या वेळचें वाटणीपत्र पेटींत जसेंच्या तसें होतें, आणि आपलें म्हणणें त्यांत आहे असें दोन्ही घरें शपथेवर सांगत होतीं. कागद होता, पण मुका होता. तो पुण्यास पाठवून वाचून येईपर्यंत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत एका घरचें लग्न दुसऱ्या घराच्या हजेरीवांचून लागलें, आणि एकाच बांधावरचे दोघे चुलतभाऊ एकमेकांस पाठ देऊन मोटार चालू करूं लागले. वाचून आला तेव्हां त्यांत नवें कांहीं निघालें नाहीं. म्हातारीं माणसें जें तोंडीं सांगत आलीं होतीं तेंच त्यांत होतें. म्हणजे ज्या भांडणास मुळीं विषयच नव्हता तें केवळ न वाचतां येण्यामुळें झालें. लग्नाला न आलेलीं माणसें मात्र मागाहून कोणासही आणतां आलीं नाहींत.

२०२३ सालीं सबंध राज्यास याच अडचणीची प्रचीति आली. कुणबी जातीच्या जुन्या नोंदी शोधण्यासाठीं सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिती नेमिली, आणि पुढें तिच्या कामाची व्याप्ति राज्यभर वाढविली. कचेऱ्याकचेऱ्यांतून जुनीं दफ्तरें खालीं उतरलीं. गांव नमुना १४, म्हणजे ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात तीं जन्ममृत्यूचीं पुस्तकें, शाळांचीं जुनीं रजिस्टरें, जमिनीचे दस्त. आणि त्यांतील कितीतरी पानें मोडींत. तेव्हां मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाविषयीं येथें कांहीं बोलावयाचें नाहीं. तो या लेखाचा विषय नव्हे. एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, नागरिकाचा हक्क ज्या कागदावर ठरावयाचा तो कागद सरकारपाशीं होता, आणि तो वाचणारा मनुष्य सरकारपाशीं नव्हता. कपाटाची किल्ली ठेवावी आणि कुलूप उघडण्याची विद्या टाकावी, असा हा प्रकार झाला.

इतिहासाच्या बाबतींत तर ही उणीव पूर्वींच जाणवलेली आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतून गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. ते निवडक होते, ही गोष्ट आपण विसरतों. न निवडलेलें जें मागें राहिलें त्याच्यापुढें ते खंड ओंजळभर पाण्यासारखे आहेत. राजवाडे व मेहेंदळे यांनीं १९१० सालीं स्थापिलेलें भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग चालवीत आलें आहे, म्हणून ही विद्या अगदींच नष्ट झाली नाहीं. परंतु एका शहरांतील वर्ग आणि राज्यभरच्या कचेऱ्यांतील पानें यांचें प्रमाण जुळणें कठीण आहे.

येथें अनुस्वारांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण आम्ही अद्याप मागल्या पिढीचे अनुस्वार देतों हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. मराठी साहित्य महामंडळानें ठरविलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ सालीं शासनानें मान्य केले, आणि ज्यांचा उच्चार होत नाहीं ते अनुस्वार तेव्हांपासून रजेवर गेले. त्यांच्या जाण्यानें ‘ती’ आणि ‘तीं’ यांतला भेद डोळ्यांपुढून गेला, आणि व्याकरण शिकवितांना एक खूण कमी झाली, एवढें खरें. परंतु आजच्या मुलाच्या हातीं १९२० चें पुस्तक दिलें तर तो तें बिनदिक्कत वाचतो. या बदलास दुभाष्या लागलाच नाहीं. म्हणून त्याविषयीं आमची तक्रारही नाहीं. आम्ही ते देतों तें केवळ हाताच्या सवयीनें.

आमचें हें विवेचन ऐकून पुतण्यानें एक रास्त आक्षेप काढिला. दुभाष्या ठेवावयाचा तर त्याचा खर्च कोणी करावा? ज्याची गरज वीस वर्षांतून एकदां पडते त्यास रोज जेवूं घालणें कोणत्या संस्थेस परवडेल? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. त्यावर आमचें उत्तर एवढेंच कीं, दुभाष्या प्रत्येक पाटीदफ्तरांत असण्याची जरूरी नाहीं. तो कोठेंतरी असावा, आणि कोठें आहे तें सर्वांस ठाऊक असावें. सर्वांच्या गांठोड्यांतून जें निघालें तें कोणाच्या तरी गांठोड्यांत राहावें. पायथनवाल्यांनीं काढलेले घटक जुन्या आवृत्त्यांत सांपडतात, त्याचें मर्म हेंच आहे.

कोणी म्हणेल, आतां संगणकच मोडी वाचील. त्या दिशेनें प्रयत्न चालू आहेत, आणि ते सफळ व्हावे अशी आमचीही इच्छा आहे. जगांतील लिप्यांस संगणकांत जागा देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेनें २०१४ सालीं आपल्या सातव्या आवृत्तींत मोडीस जागा दिली. आणि त्या व्यवस्थेचा नियमच असा आहे कीं, एकदां दिलेलें अक्षर पुन्हा काढावयाचें नाहीं. मोडीचें आसन तेथें पक्कें झालें आहे. परंतु अक्षरास आसन मिळणें निराळें आणि जुन्या कारकुनाचा हात वाचतां येणें निराळें. यंत्रास वाचावयास शिकवावयाचें तर कोणा जाणत्यानें आधीं वाचून दिलेलीं पानें त्याच्यापुढें ठेवावीं लागतात. आणि त्यानें वाचलेलें बरोबर कीं चूक हें सांगावयासही जाणताच लागतो. वाचणारीं माणसें आहेत तोंवरच यंत्राला गुरु आहे.

म्हणून आमची सूचना अगदीं माफक आहे. मोडी पुन्हा सर्व मुलांस शिकवा असें आम्ही म्हणत नाहीं. औटकी परत आणा असें तर मुळींच म्हणत नाहीं. प्रत्येक तालुक्याच्या गांवीं दोन माणसें अशीं असावीं कीं ज्यांस मोडी वाचतां येते: एक कचेरींत आणि एक शाळेंत. कचेरींतील माणसानें दफ्तर वाचावें. शाळेंतील माणसानें वर्षाकाठीं चार हौशी मुलें तयार करावीं, म्हणजे पहिल्याच्या मागें दुसरा उभा राहील. पारनेरास ही सोय झाली तर फडक्यांत बांधलेले कागद घेऊन आलेल्या माणसास पुण्याचा रस्ता धरावा लागणार नाहीं, आणि एखाद्या घरचें लग्न चुलत्यांवांचून लागणार नाहीं. जें काढावयाचें तें खुशाल काढावें. मात्र त्याच्या जुन्या कागदांचा शेवटचा धनी निकालीं निघेपर्यंत दुभाष्यास रजा देऊं नये.